पत्र्याखालचं वर्कशॉप: आधी डोक्यावरचं ऊन उतरवा

प्रश्न थोडक्यात असा. बोरिवलीत जुन्या बंगलीला लागून १० बाय १८ फुटांचं गॅरेज. वर सिमेंटचा पत्रा, पश्चिमेला लोखंडी शटर, मागे पूर्वेच्या भिंतीत एक छोटी खिडकी. गाडी बाहेर ठेवून आत सुतारकामाचं आणि थोड्या लोखंडकामाचं वर्कशॉप थाटलंय. मार्च लागला की दुपारी एकनंतर आत उभं राहवत नाही. मोठा कूलर घ्यावा की दीड टनाचा एसी बसवावा? खर्चाची तयारी २५ हजारांची.

आत्ता दोन्ही घेऊ नका. भांडुप-मुलुंड पट्ट्यातल्या कारखान्यांत माझी तीस वर्षं मेंटेनन्समध्ये गेली, आणि निवृत्तीनंतर मुलुंडला घरामागच्या शेडमध्ये माझं स्वतःचं रंधाकाम चालतं. शेड तुमच्याएवढीच, पत्राही तोच. तुम्ही आज जे विचारताय त्यातल्या बहुतेक चुका मी पैसे मोजून करून झालोय.

एक गोष्ट उद्याच करून बघा. दुपारी दोन वाजता स्टुलावर चढा आणि तळहात पत्र्याच्या वीतभर खाली धरा, टेकवू नका. जी झळ लागते ती हवेची नाही. पत्रा तापून खाली उष्णता फेकतोय, तापलेला तवा फेकतो तशी. माझ्याकडे तापमान मोजायची पिस्तुलासारखी गन आहे. एप्रिलमध्ये दुपारी माझ्या पत्र्याची खालची बाजू ५८ अंश दाखवायची, तेव्हा बाहेर हवा होती ३४. म्हणजे पत्र्याच्या दर चौरस मीटरमागे दीडशे वॅटच्या वर उष्णता तुमच्या डोक्यावर, खांद्यांवर आणि बाकावर सतत पडतेय. तुमच्या छताचं क्षेत्रफळ साधारण १७ चौरस मीटर. दोन-अडीच हजार वॅटचा हीटर उलटा टांगून त्याखाली रंधा मारण्यासारखंच हे झालं. हवा थंड करून या हीटरचं काहीच बिघडत नाही. (गन वापरलीत तर चकचकीत पत्र्यावर ती खोटं बोलते. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा.)

मुंबईत सूर्य डोक्यावर येतो म्हणतात ते अक्षरशः. मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यामुळे उन्हाळ्यात भिंतींपेक्षा छप्पर कितीतरी जास्त ऊन पितं. अपवाद पश्चिमेच्या भिंतीचा, आणि नेमकं तिथेच तुमचं शटर आहे. त्याच्याकडे नंतर येतो.

आधी कूलरचा नाद सोडवतो. माझे मेहुणे अकोल्याचे. त्यांच्याकडे मे महिन्यात दुपारी कूलरसमोर बसलं की पांघरूण घ्यावंसं वाटतं, खोटं नाही. एका वर्षी त्यांनी तिकडून मला एक भला मोठा लोखंडी कूलर पाठवला. टेम्पोचं भाडं मी दिलं. आठवडाभरात रंधा मशीनच्या टेबलावर तांबूस गंजाची झाक आली, भिंतीला टेकवलेली प्लायची पानं कडेला फुगली, आणि मला स्वतःला गारवा म्हणाल तर काही नाही, नुसतं चिकचिक. दोष कूलरचा नव्हता. अकोल्यात पारा ४४ आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या पॅडमधून गेलेली हवा जास्तीत जास्त २३ अंशांपर्यंत उतरू शकते. आपल्याकडे पारा ३४ आणि आर्द्रता ६५ टक्के असली, की तीच हवा साडेअठ्ठावीसच्या खाली जाऊच शकत नाही, कूलर हत्तीएवढा आणला तरी. प्रत्यक्षात तीसपर्यंत येते आणि येताना इतकी ओल घेऊन येते की अंगावरचा घाम वाळायचं नाव घेत नाही. घाम वाळला नाही तर शरीर गार होत नाही. वाळ्याच्या ताट्या, जमिनीवर पाण्याचा सडा, ओली चादर टांगणं ही सगळी कोरड्या प्रदेशाची हुशारी. मुंबईत ती उलटते. तो कूलर अजून माझ्याकडे आहे. पंप काढून टाकलाय, आणि नुसता पंखा म्हणून त्याला तोड नाही.

एसीचं गणित जरा वेगळं आहे. दीड टन म्हणजे सव्वापाच किलोवॅट उष्णता सतत बाहेर फेकायची ताकद. त्यातला अर्धा भाग तुमचा पत्राच खाऊन टाकेल. उरलेल्यात शटरच्या फटी, पत्र्याच्या लाटांखालच्या नळ्यांतून येणारी हवा आणि चालू मशीन. शिवाय लाकडाचा भुसा. घरचा एसी वर्षाकाठी एकदा धुतला तरी चालतो, सुताराचा एसी पंधरा दिवसांत गुदमरतो, कॉइलवर भुश्याचं पांघरूण चढतं. आणि एसी लावला की माणूस दार बंद करतो. बंद दाराआड थिनर, पॉलिश किंवा वेल्डिंगचा धूर तोच तोच फिरत राहतो. पत्रा सोडवल्यानंतर, फटी बुजवल्यानंतर तुम्हाला एसी हवासा वाटला तर एक टनाचा पुरेल. पण बहुधा तेव्हा तो हवासा वाटणार नाही.

तर पत्रा. स्वस्तातला आणि सगळ्यांत जास्त फरक पाडणारा उपाय म्हणजे तो पांढरा करणं. अहमदाबादेत, तेलंगणात यासाठी सरकारी योजना आहेत, पण आपल्याला योजनेची वाट बघायची गरज नाही, चुना पुरतो. सिमेंटच्या पत्र्यावर चुना धरतो. कळीचा चुना लोखंडी पिंपात रात्रभर भिजवा, प्लास्टिकच्या बादलीत नको, चुना भिजताना उकळतो आणि बादली वाकते. पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका, आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. चुन्याचा थेंब डोळ्यात जाणं ही गंमत नाही. सकाळी गाळून घ्या, रंगाऱ्याकडचा डिंक किंवा पांढरा फेविकॉल मिसळा, पत्रा हलका ओला करा आणि दोन हात मारा, एक उभा, एक आडवा. रंगारी सवयीनं नीळ घालायला जाईल, त्याला घालू देऊ नका. निळीनं डोळ्यांना पांढरं दिसतं, पण ऊन परतवायला तिचा उपयोग नाही, उलट थोडं नुकसानच.

माझ्या पत्र्याची खालची बाजू चुन्यानंतर ५८ वरून ४३ वर आली. आकडा १५ अंशांचा दिसतो, पण डोक्यावर पडणारी उष्णता त्यानं साधारण एक तृतीयांशावर आली. आतली हवाही ३९ वरून साडेपस्तिसावर उतरली. खर्च मजुरी धरून एका चांगल्या जेवणाच्या बिलाएवढा. चुना मुंबईच्या पावसात टिकत नाही आणि पावसाळ्यानंतर पत्र्यावर शेवाळ धरून तो काळपट होतो, म्हणून होळीच्या आधी दरवर्षी हे काम करायचं. दरवर्षी चढायचा कंटाळा असेल तर पांढरा इलॅस्टोमेरिक, म्हणजे रबरासारखा ताणणारा, कोट मिळतो, तो काही वर्षं टिकतो, तुमच्या बजेटात बसतो.

शेजारी कुणाचा लोखंडी पत्रा असेल तर त्यांना मात्र चुना सुचवू नका. ओला चुना जस्ताचा थर खातो. लोखंडी पत्र्याला तारेच्या ब्रशनं गंज काढून, प्रायमर मारून मग पांढरा कोट.

आता ज्यासाठी मी हे उत्तर एवढं लांबवतोय ते. तुमचा सिमेंटचा पत्रा जुना असेल तर तो ॲस्बेस्टॉसचा धरून चाला. त्याला तारेचा ब्रश लावायचा नाही, ग्राइंडर लावायचा नाही, कोरड्यानं भोक पाडायचं नाही. त्याची धूळ फुप्फुसात बसते ती कायमची, आणि तिचे परिणाम वीस-तीस वर्षांनी दिसतात. शेवाळ काढायचं तर पाणी मारून, ओलं ठेवून, मऊ कुंच्यानं, नाकाला चांगला मास्क लावून. आणि त्याच्यावर पाय देऊन उभं राहायचं नाही. जुना पत्रा वरून ठणठणीत दिसतो आणि माणसाच्या वजनाखाली पापडासारखा मोडतो. कारखान्यात असताना आमच्या डोळ्यांदेखत एक हेल्पर असा खाली आला होता. तो वाचला, पण त्याचं कंबरडं गेलं. फळ्या आडव्या टाका, त्या पर्लिनवर, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या आधारावर, जिथे पत्रा धरणाऱ्या जे-हुकांची रांग दिसते त्या रेषेवर टेकवा, आणि फळीवरच बसून काम करा. लांब दांड्याचा रोलर असेल तर शिडीवरूनच निम्मं काम होतं.

चुन्याच्या वर दुसरी युक्ती म्हणजे शेडनेट. नर्सरीवाले वापरतात ती हिरवी जाळी, ७५ टक्के सावलीची. पण ती पत्र्यावर अंथरायची नाही. पत्र्यापासून फूटभर वर, बांबूच्या चौकटीवर ताणून बांधायची, म्हणजे मधून वारा वाहतो आणि जाळीत अडकलेली उष्णता तिथेच निघून जाते. बांधताना दोर पत्र्याच्या हुकांना नको, भिंतीतल्या खिट्ट्यांना. मी हुकांना बांधला होता. १७ मे २०२१ ला तौक्ते आलं, कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर गेले, आणि माझी जाळी दोन हुक आणि पत्र्याचा एक कोपरा घेऊन शेजारच्या आंब्यावर जाऊन बसली. आता मृग लागायच्या आधी जाळी उतरवून गुंडाळून ठेवतो. पावसाळ्यात त्याच बांबूंवर निळी ताडपत्री चढते, ते काही मुंबईकराला शिकवायला नको.

जाळीऐवजी वेल चढवणारेही आहेत. दुधी किंवा घोसाळं जानेवारीत लावलं तर एप्रिलपर्यंत मांडव भरतो. भाजी मिळते, सावलीही मिळते. फक्त पाऊस पडायच्या आत वाळलेला पाला पन्हळीतून काढा, नाहीतर पहिल्याच सरीला पाणी तुमच्या मशीनवर.

पत्र्यावर पाणी मारावं का, हे पुढचं. बाहेरून मारलं तर त्याची वाफ आत येत नाही, त्यामुळे इथे कूलरचा तोटा नाही. आकडा तर डोळे दिपवणारा आहे: तासाभरात १० लिटर पाणी पूर्ण वाळलं तर सुमारे पावणेसात किलोवॅट उष्णता घेऊन जातं, दीड टनाच्या एसीपेक्षा जास्त. पण मे महिन्यात महापालिकेची पाणीकपात चालू असताना पत्र्यावर पिण्याचं पाणी ओतायला मन धजत नाही. कपडे धुतलेलं पाणी किंवा शेजारच्या एसीचं ठिबकतं पाणी असेल तर फळीवरून जुनी गोणपाटं अंथरून ती ओली ठेवा. मी दोन वर्षं केलं, मग चुना आणि जाळीनंच भागतंय म्हणून सोडलं.

आतून काही लावायचं झालं तर थर्माकोल लावू नका. ही माझी दुसरी महागडी चूक. पांढरेशुभ्र पत्रे दिसतात छान, उकाडाही अडवतात. एका रविवारी मी खिडकीची ग्रिल कापत होतो, ग्राइंडरची ठिणगी वर उडाली, आणि पाच मिनिटांनी काळा, घशाला झोंबणारा धूर. बादलीभर पाणी जवळ होतं म्हणून शेड राहिली. जिथे ठिणगी आहे तिथे थर्माकोल, फोम, सुतळी-कापडाची छतं नकोत. तुमच्याकडे लोखंडकाम होतं हे तुम्हीच लिहिलंय. लावायचीच असेल तर ॲल्युमिनियम फॉइलची चादर लावा, आग लवकर न धरणारी आहे हे विचारून. तीही पत्र्याला चिकटवायची नाही. पर्लिनच्या खालच्या बाजूनं ताणायची, म्हणजे फॉइल आणि पत्रा यांच्यामध्ये हवेचा थर राहतो आणि चकचकीत बाजू त्या थराकडे येते. हवेचा थर नसला तर फॉइल ही नुसती धातूची पातळ पट्टी, उष्णता सरळ पार करते. आणि खालून भुसा बसला तरी चालेल, वरची बाजू मात्र स्वच्छ राहिली पाहिजे.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. गिरगावातल्या चाळींवर, वसईच्या घरांवर मंगलोरी कौलं असायची. कौलांच्या फटीफटींतून गरम हवा आपोआप वर निघून जायची. पत्रा आला, स्वस्त आणि झटपट, आणि आपण फटी बंद केल्या.

आता शटर. मुंबईत पंचाईत अशी की चांगला वारा आणि वाईट ऊन एकाच दिशेनं येतात. दुपारी खारा वारा पश्चिमेकडून, आणि तीननंतर सूर्यही पश्चिमेलाच. शटर बंद ठेवलं तर वारा गेला, उघडलं तर ऊन बाकापर्यंत. शटर बंद असलं तरी ते बाहेरून तापून आत झळ मारतंच, पत्र्यासारखं.

छज्जा किंवा पुढे काढलेली पत्र्याची पट्टी इथे पुरत नाही. चारनंतर ऊन इतकं खाली येतं की छज्ज्याखालून सरळ आत शिरतं. उभी सावली हवी. बांबूची चिक किंवा तीच हिरवी जाळी शटरच्या बाहेर, दीड-दोन फूट अंतरावर, वरून खाली सोडा. बाहेर, आत नाही. आत लावलेली चिक ऊन अडवते खरी, पण उष्णता तोपर्यंत घरात आलेली असते. दोन्ही बाजू मोकळ्या ठेवा म्हणजे वारा बाजूनं शिरतो, आणि जाळीतूनही निम्मा येतो. शटर वर करून आत लोखंडी जाळीचं सरकतं दार बसवलंत तर चोराची आणि घुशींची काळजीही नाही. शटरला बाहेरून पांढरा रंग, तो रंगारी आलाच आहे तर लगेच करून घ्या.

वाऱ्याचं वेळापत्रक ओळखा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सकाळी वारा जमिनीकडून, पूर्वेकडून असतो, कोरडा आणि तापत जाणारा. दुपारच्या आसपास तो फिरतो आणि समुद्राकडून येतो. तो फिरायला उशीर झाला की मुंबई भाजून निघते. हवामान खात्याच्या सांताक्रूझ वेधशाळेत १४ एप्रिल १९५२ ला ४२.२ अंश नोंदले गेले. असे ताप आपल्याकडे बहुतेक पूर्वेच्या वाऱ्यामुळेच येतात. अशा दिवशी दहानंतर सगळं बंद ठेवा, वारा फिरला की उघडा. मे महिन्यात उलट, वारा जवळजवळ दिवसभर समुद्राचा, तेव्हा बंद करायचं कारणच नाही. आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा पूर्वेचा वारा, वर जमिनीत मुरलेल्या पावसाची ओल. मला विचाराल तर वर्कशॉपसाठी तो मेपेक्षा वाईट महिना.

पूर्वेची खिडकी छोटी आहे म्हणता. तिच्या वर, पत्र्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जवळ, १८ इंची हेवी ड्युटी एक्झॉस्ट फॅन बसवा. तुमच्या गॅरेजमध्ये साधारण १८०० घनफूट हवा आहे. मिनिटाला एकदा ती बदलली पाहिजे असा माझा हिशोब, म्हणजे तासाला ३००० घनमीटर. एवढी हवा वाहिली की आत-बाहेरच्या दर एका अंशाच्या फरकामागे जवळजवळ एक किलोवॅट उष्णता बाहेर जाते. त्याहून जास्त अपेक्षा पंख्याकडून ठेवू नका. एक्झॉस्ट आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार कधीच करू शकत नाही.

लोक फॅन चांगला घेतात आणि हवा आत यायची वाट ठेवत नाहीत. फॅनच्या भोकाच्या दीड-दोन पट मोकळी जागा समोरच्या बाजूला, खाली, हवी. नाहीतर फॅन नुसता घोंघावतो, आणि पत्र्याच्या नळ्यांतून तापलेली हवाच आत ओढून घेतो, म्हणजे पैसे देऊन उकाडा मागवला. फॅन पूर्वेच्याच भिंतीत का, तर दुपारचा वारा पश्चिमेकडून आत येतो आणि फॅन त्याला पुढे ढकलतो. पश्चिमेला बसवलात तर वाऱ्याशी कुस्ती. गोदामांवर फिरणारे गोल टर्बो व्हेंटिलेटर दिसतात, तेही चांगले, वीज लागत नाही, पण तुमच्या जुन्या पत्र्यात त्यासाठी भोक पाडायला मी सांगणार नाही.

छताचा पंखा काढून टाका, किंवा चालवू नका. पत्र्याखाली साठलेली सगळ्यांत गरम हवा तो गोळा करून तुमच्या टाळूवर आणतो. भिंतीवरचा फिरता पंखा किंवा स्टँडचा मोठा पंखा छातीच्या उंचीवर, शटरच्या बाजूकडून तुमच्याकडे. उघड्या अंगावरून वारा गेला की घाम वाळतो, आणि मुंबईत माणसाला गार ठेवणारी तेवढी एकच यंत्रणा आहे. फक्त करवतीजवळ पंख्याचा झोत डोळ्यांकडे भुसा उडवणार नाही असा कोन धरा.

आतल्या उष्णतेचाही हिशोब करा. भिंतीतून वायरनं जेवढी वीज आत येते तेवढी शेवटी उष्णता होऊनच बसते. एक एचपीची मोटर, १२०० वॅटचा व्हॅक्युम, जुना हॅलोजन. हॅलोजन काढून एलईडी लावा. दोन एचपीचा कॉम्प्रेसर असेल तर तो भिंतीपलीकडे पावसापासून झाकलेल्या, हवेशीर पेटीत ठेवा, आवाजही कमी. मोटरीवर भुसा साचू देऊ नका, तिच्या पंख्याची जाळी आठवड्याला साफ करा. मोटरच्या वाइंडिंगला दहा अंश जास्त सोसावे लागले तर आयुष्य निम्मं होतं, हे आमच्या धंद्यातलं जुनं ठोकताळ्याचं गणित. कॉर्डलेस ड्रिलच्या बॅटऱ्या दुपारी तिथे चार्ज करू नका, घरात न्या. थिनर आणि स्प्रेचे डबे पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवलेले मी कितीतरी ठिकाणी पाहिलेत. ते ताबडतोब हलवा, जमिनीलगत, सावलीत. आणि शटर खाली असताना स्कूटर चालू करून बघायची नाही, एक मिनिटसुद्धा.

फेविकॉल उन्हाळ्यात पटकन साय धरतो, त्यामुळे मोठी चिकटवणी सकाळी उरका. एक्झॉस्टनं बाहेरची दमट, खारी हवा आत येणार, म्हणजे गंज येणार. काम संपलं की मशीनच्या टेबलावर मेणाचा किंवा तेलाचा हात फिरवा, पान्ह्यांच्या खणात कापराच्या दोन वड्या टाका, रात्री फॅन बंद.

वीज जोडताना एवढंच: घामेजलेला हात आणि सिमेंटची जमीन, म्हणून ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच, आणि खरी अर्थिंग. पंख्यासाठी एक्स्टेन्शन बोर्ड लोंबकळवू नका.

हे सगळं करूनही मे महिन्यात दुपारी एक ते चार मी शेडमध्ये जात नाही. सकाळी सातला सुरू, अकराला बंद, मग पाचनंतर. करवत सकाळच्या वेळेत, संध्याकाळी घासकाम, पॉलिश, मोजमाप. रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करायला कायद्यानं बंदी आहेच, पण त्याआधीही शेजाऱ्यांची झोप ही आपलीच जबाबदारी. दुपारची बंदी मी उकाड्यासाठी घातलेली नाही, बोटांसाठी घातलीये. एकदा मेमध्ये 'एवढी एकच फळी' म्हणत दोन वाजता टेबल सॉ लावला. डोळ्यांत घाम, गॉगलवर धुकं, डोकं जड. ढकलणी काठी हातातच होती, ती वापरायचं सुचलंच नाही. अंगठ्याच्या नखावरून पातं गेलं आणि दोन टाक्यांवर निभावलं. गळ्यात पंचा टाकून ड्रिल मशीनवर वाकायची सवयही उन्हाळ्यातलीच. तो पंचा खिळ्याला टांगा.

तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी पाणी. मध्ये एकदा मीठ घातलेलं ताक, पन्हं किंवा कोकम सरबत, चहा नाही. घाम थांबला, बोलणं अडखळलं, वागणं विचित्र झालं तर तो थकवा नाही, उष्माघात आहे. त्या माणसाला सावलीत न्या, अंगावर पाणी ओतून वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

फॅनसाठी भिंत फोडायच्या आधी चार दिवस एक काम करा. शटर आणि खिडकी उघडी ठेवून बाकावर अगरबत्ती लावा, सकाळी नऊला, दुपारी एकला, पाचला. धूर कुठल्या बाजूला वाकतो आणि कुठे घोटाळत राहतो ते खडूनं भिंतीवर लिहून ठेवा. शेजारी उंच इमारत असेल तर माझं पूर्व-पश्चिमेचं सगळं गणित तुमच्याकडे फिरलेलं असू शकतं. धूर सांगेल त्या भिंतीत फॅन बसवा. चुन्याला मात्र धुराची वाट बघायची गरज नाही, तो या रविवारीच भिजत घाला.